घरच्या घरी बटाट्याचे पदार्थ: प्रयोग कसा करावा आणि निकाल कसा पारखावा

बटाट्याची एखादी नवी कृती करून पाहिली आणि ती जमली, तर आपण कृतीला शाबासकी देतो. बिघडली, तर कृती लिहिणाऱ्याला किंवा स्वतःच्या हाताला बोल लावतो. या हिशेबात बटाटा मात्र सहसा धरलाच जात नाही. प्रत्यक्षात एकाच भांड्यात, एकाच मापाने आणि तितकाच वेळ शिजवलेले दोन बटाटे अगदी वेगळे वागू शकतात, कारण त्यांतील स्टार्च, पाणी आणि साखर यांचे प्रमाण वेगळे असते. म्हणून घरी प्रयोग करताना आधी बटाटा पारखावा आणि मगच कृती पारखावी, असा माझा आग्रह आहे. उकडलेला, कुस्करलेला, ओव्हनमध्ये भाजलेला आणि तळलेला असे बटाट्याचे चार मूळ प्रकार या लेखात घेतले आहेत. बटाट्याचे बहुतेक पदार्थ यांपैकी एखाद्यावर किंवा दोहोंच्या जोडीवर उभे असतात, त्यामुळे हे चार समजले की बाकीच्यांची परीक्षा करणे सोपे जाते.

काय हवे आहे, ते आधी लिहावे

पदार्थ चुलीवर चढवण्यापूर्वी एका कागदावर दोन-तीन ओळींत आपली अपेक्षा लिहून ठेवावी. ‘छान व्हावा’ ही अपेक्षा नव्हे, कारण ती तपासता येत नाही. ‘बाहेरचा थर दातांखाली मोडताना आवाज यावा, आतला भाग कोरडा आणि मोकळा असावा, रंग सोनेरी असावा, ताटात पडल्यावर दहा मिनिटांनीही तुकडा लवू नये’ ही तपासता येण्याजोगी अपेक्षा आहे. पदार्थ समोर आल्यावर अपेक्षा ठरवू लागलो, तर जे झाले आहे तेच आपल्याला हवे होते असे मन सहज मान्य करते. भूक लागलेली असताना तर हे हमखास घडते.

येथेच आणखी एक भेद करून ठेवावा. पदार्थ ‘जमला’ की नाही आणि तो आपल्याला ‘आवडला’ की नाही, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. कुस्करलेला बटाटा एकाला दुधाळ आणि सैल आवडतो, दुसऱ्याला घट्ट आणि किंचित दाणेदार आवडतो. पण तो रबरासारखा ताणला जात असेल, तर दोघांच्याही दृष्टीने तो फसलेलाच असतो. जमण्याची कसोटी पोत, रंग, शिजण्यातील सारखेपणा अशा दिसणाऱ्या आणि जाणवणाऱ्या गोष्टींवर ठरते, तर आवड ज्याची त्याची असते. दोन्हींची नोंद करावी, पण एका रकान्यात करू नये.

बटाट्याची पारख

बटाट्यात साधारण चार पंचमांश पाणी असते आणि उरलेल्या भागात बहुतांश स्टार्च असतो. ज्या बटाट्यात स्टार्च जास्त, तो शिजल्यावर फुलतो, मोकळा होतो, काट्याने दाबला की भुसभुशीत फुटतो. त्याला पिठूळ म्हणू. ज्यात स्टार्च कमी आणि पाणी जास्त, तो शिजल्यावरही आकार धरून राहतो, सुरीने कापला तर गुळगुळीत काप निघतो. त्याला चिकट म्हणू. या दोहोंच्या मध्ये बसणारे बटाटे पुष्कळ असतात. सालीच्या रंगावरून किंवा आकारावरून यांतील काहीच खात्रीने सांगता येत नाही, आणि एकाच पोत्यातील बटाट्यांतही फरक असतो.

हा फरक शिजवण्याआधी ओळखण्याची एक सोपी आणि भरवशाची रीत आहे. स्टार्च पाण्यापेक्षा जड असल्यामुळे पिठूळ बटाट्याची घनता चिकट बटाट्यापेक्षा जास्त असते. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, पण योग्य प्रमाणात मीठ घातलेल्या पाण्यात पिठूळ बटाटा बुडतो आणि चिकट तरंगतो. त्यासाठी खोल भांड्यात १ लिटर पाण्यात सुमारे १२० ग्रॅम मीठ घालून ते पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. या द्रावणाची घनता पाण्याच्या साधारण १.०७५ पट होते, आणि पिठूळ व चिकट बटाट्यांची सीमारेषा याच्याच आसपास पडते. पाणी नेहमीच्या तापमानाचे असावे. बटाटे धुऊन, माती पूर्ण काढून, एकेक करून हलकेच सोडावेत. मातीचा थर किंवा सालीला चिकटलेला हवेचा बुडबुडाही कौल फिरवू शकतो, म्हणून बटाटा पाण्याखाली एकदा बोटांनी फिरवून मग सोडावा. काही बटाटे झटकन तळाशी बसतात, काही पृष्ठभागावर पाठ दाखवत राहतात, आणि काही मधेच अधांतरी रेंगाळतात. तीन वाट्या करून ते वेगळे ठेवावेत आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन पुसावेत. तरंगलेला एखादा मोठा बटाटा मधोमध कापून पाहावा, कारण मोठ्या बटाट्यांच्या पोटात कधीकधी पोकळी असते आणि त्या पोकळीमुळे पिठूळ बटाटाही तरंगतो.

घरी करता येणाऱ्या सर्व परीक्षांत ही मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती केल्यावर निम्म्या तक्रारींचे उत्तर पदार्थ करण्याआधीच मिळते. तळण्यासाठी, भाजण्यासाठी आणि कुस्करण्यासाठी बुडणारे बटाटे ठेवावेत. रस्सा, सॅलड किंवा आकार टिकायला हवा असे तुकडे यांसाठी तरंगणारे. उलट वाटणी केली, तर कितीही काटेकोर कृती असली तरी निकाल मनासारखा लागत नाही.

दुसरी पारख साखरेची. बटाटे फार थंड जागी, विशेषतः फ्रिजमध्ये, काही दिवस राहिले की त्यांतील काही स्टार्चचे साखरेत रूपांतर होते. उकडलेल्या बटाट्यात याने फक्त किंचित गोडसर चव येते, पण तळताना हीच साखर रंग फार लवकर गडद करते, आणि आतला भाग शिजण्याआधीच बाहेरचा भाग तपकिरी व कडवट होतो. हे ओळखायला प्रत्येक बटाट्यातून सारख्या जाडीची एकच काडी कापून गरम तेलात तळावी. बाकीच्या सोनेरी होत असताना जी काडी डागाळलेली, तपकिरी निघेल, तो बटाटा तळण्याच्या प्रयोगातून बाजूला काढावा. असे बटाटे दोन-तीन आठवडे अंधाऱ्या, हवेशीर आणि फार थंड नसलेल्या जागी ठेवले, तर त्यांतील साखर बऱ्याच अंशी कमी होते.

तिसरी पारख सुरक्षिततेची आहे आणि तिच्यात सवलत देऊ नये. उजेडात राहिलेल्या बटाट्याची साल हिरवी होते. तो हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि स्वतः निरुपद्रवी असतो, पण त्याच परिस्थितीत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्येही वाढतात. ती उकडल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाहीत. थोडा हिरवेपणा असेल तर तो भाग आणि कोंब खोलवर कापून टाकावेत. बटाटा बराच हिरवा असेल किंवा चव घेताना कडवट लागून घशात जळजळ होत असेल, तर तो सरळ फेकून द्यावा. कडवटपणा मसाल्याखाली झाकून प्रयोग पुढे रेटू नये.

एका वेळी एकच बदल

प्रयोगाचा गाभा येथे आहे. दोन कृतींची तुलना करायची असेल, तर दोन्हींसाठी एकाच खरेदीतील, एकाच वाटीत पडलेले बटाटे घ्यावेत, तुकडे सारख्या मापाचे करावेत आणि एकच गोष्ट बदलावी. तेल, तापमान आणि भिजवण्याचा वेळ हे तिन्ही एकदम बदलले आणि पदार्थ सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही. पुढच्या वेळी तिन्ही बदल डोळे मिटून पाळावे लागतात आणि त्यांतील दोन कदाचित निरर्थक असतात.

शक्य असेल तर बटाटेही अदलाबदल करून वाटावेत. प्रत्येक बटाटा उभा अर्धा कापावा, एक अर्धा पहिल्या पद्धतीला आणि दुसरा अर्धा दुसऱ्या पद्धतीला द्यावा. यामुळे बटाट्या-बटाट्यांतील फरक दोन्ही बाजूंना सारखा पडतो आणि उरतो तो केवळ पद्धतीचा फरक. ही युक्ती इतकी साधी आहे की ती वगळण्याचे काही कारण मला दिसत नाही.

मापे वजनाने घ्यावीत. ‘दोन मध्यम बटाटे’ हे माप नव्हे, कारण एकाचा मध्यम दुसऱ्याचा मोठा असतो. मीठही वजनानेच मोजावे, कारण जाडसर आणि बारीक मिठाच्या एका चमच्यात बरीच तफावत पडते. साधा वजनकाटा, तेलात बुडवता येईल असा थर्मामीटर आणि घड्याळ एवढी साधने पुरतात. उंचावरील ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळते, साधारण दर ३०० मीटरला एक अंश सेल्सिअस या हिशेबाने. म्हणून दुसऱ्याच्या कृतीतील मिनिटे ही सूचना समजावी आणि शिजल्याची खूण स्वतः पाहावी.

उकडलेला बटाटा

उकडणे सर्वांत सोपे वाटते, आणि म्हणूनच त्याची परीक्षा कोणी करत नाही. अख्खे किंवा मोठे तुकडे थंड पाण्यात घालून मग पाणी तापवावे. उकळत्या पाण्यात एकदम सोडले, तर गाभा शिजेपर्यंत बाहेरचा थर गळू लागतो. पाण्यात दर लिटरला सुमारे १० ग्रॅम मीठ घालावे, आणि उकळी आली की आच कमी करावी. खळखळणाऱ्या पाण्यात तुकडे एकमेकांवर आपटून त्यांचे कोपरे झिजतात, ते अन्यथा नीट राहिले असते.

निकाल पाहताना तुकडा मधोमध कापावा आणि काप उजेडाकडे धरावा. मध्यभागी किंचित गडद, ओलसर, काचेसारखा ठिपका दिसला तर गाभा कच्चा आहे. काप सर्वत्र सारखा फिकट आणि अपारदर्शक असेल, तर शिजणे पूर्ण झाले. स्टार्चचे कण साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगतात, पण पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन सैल व्हायला याहून बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून बटाटा ‘फुगलेला पण कडक’ अशा मधल्या अवस्थेत काही काळ राहतो. घाईत उतरवलेला बटाटा बहुधा याच अवस्थेतला असतो.

आकार टिकवायचा असेल तर शिजवण्याच्या पाण्यात थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून पाहावा. आम्लामुळे पेक्टिन हळू विरघळते आणि तुकड्यांच्या कडा शाबूत राहतात. शिजवून ठेवल्यावर बटाटा करडा-काळसर पडतो ही वेगळी तक्रार आहे. बटाट्यातील लोह आणि क्लोरोजेनिक आम्ल यांचा संयोग हवेच्या संपर्काने गडद होतो आणि हा रंग देठाकडच्या टोकाला अधिक दिसतो. यावरही अर्धवट शिजत आल्यावर घातलेले थोडे आम्ल उपयोगी पडते. चवीला याने बिघाड होत नाही, त्यामुळे गुण देताना रंगाचे गुण कापावेत, चवीचे नव्हेत.

कुस्करलेला बटाटा

कुस्करलेल्या बटाट्याचा सर्वांत मोठा दोष म्हणजे चिकटपणा. शिजलेल्या पेशींच्या आत फुगलेला स्टार्च असतो. पेशी एकमेकींपासून अलगद सुट्या झाल्या तर मऊ, मोकळा लगदा मिळतो. पेशी फुटल्या तर स्टार्च बाहेर पडतो आणि लगद्याचा डिंक होतो. मिक्सरचे पाते पेशी फोडते, म्हणून बटाट्याला मिक्सर लावू नये. गरम असतानाच जाळीतून दाबून काढणे किंवा हाताने मॅशर चालवणे योग्य, आणि तेही हवे तेवढेच. गुठळी मोडल्यावर ‘अजून थोडे’ म्हणून घोटत राहण्यानेच बहुतेक वेळा काम बिघडते.

ज्यांना प्रयोगाची हौस आहे, त्यांनी दोन टप्प्यांची पद्धत एकदा अवश्य करून पाहावी. बटाट्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान राखलेल्या पाण्यात सुमारे अर्धा तास ठेवाव्यात, मग थंड पाण्यात पूर्ण गार कराव्यात आणि त्यानंतर नेहमीप्रमाणे मऊ होईपर्यंत शिजवून कुस्कराव्यात. पहिल्या टप्प्यात स्टार्च फुगतो, गार होताना तो पुन्हा घट्ट बांधला जातो आणि नंतर सहजी चिकट होत नाही. याच्या शेजारी सरळ उकडून कुस्करलेला अर्धा भाग ठेवावा. चमचा उभा बुडवून वर उचलावा: एका वाटीतला लगदा तुटून पडेल, दुसऱ्या वाटीतला किंचित ओढला जाईल. हा फरक डोळ्यांनी दिसतो, त्यासाठी चव घेण्याचीही गरज पडत नाही. रोजच्या स्वयंपाकात एवढा खटाटोप करावा असे मी म्हणणार नाही, पण पिठूळ बटाटे मिळत नसतील तेव्हा ही पद्धत कामी येते.

पाणी निथळल्यावर तुकडे रिकाम्या गरम भांड्यात एक-दोन मिनिटे हलवून वाफ जाऊ द्यावी. पाणी जितके कमी उरेल, तितके दूध आणि लोणी सामावून घेण्याला जागा राहते. लोणी आधी घालावे की दूध, हा प्रश्न अर्धा-अर्धा वाटा करून तपासण्यासाठी अगदी योग्य आहे, कारण त्यात बाकी सर्व गोष्टी सहज सारख्या ठेवता येतात.

ओव्हनमध्ये भाजलेला बटाटा

भाजलेल्या तुकड्यांचा कुरकुरीतपणा त्यांच्या पृष्ठभागावर ठरतो. पृष्ठभाग जितका खडबडीत, तितके तेल आणि उष्णता यांना काम करायला क्षेत्र जास्त. त्यासाठी तुकडे आधी मऊ होईस्तोवर उकडावेत, निथळावेत आणि भांड्यात जोराने हलवावेत, म्हणजे कडांवर लगद्याचा पातळ थर चढतो. दोन लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून उकडले, तर हा थर अधिक चांगला बसतो, कारण अल्कधर्मी पाण्यात पेक्टिन लवकर विरघळते. सोडा घातलेले आणि न घातलेले तुकडे एकाच ट्रेमध्ये दोन बाजूंना ठेवून सुमारे २२० अंश सेल्सिअसला भाजावेत, आणि अर्ध्या वेळेत ट्रे उलट दिशेने फिरवावा, कारण घरच्या ओव्हनची एक बाजू दुसरीपेक्षा नेहमीच जास्त तापते. ट्रेमध्ये दाटी करू नये. तुकडे एकमेकांना चिकटून असतील, तर निघालेली वाफ तेथेच कोंडते आणि भाजण्याऐवजी त्यांना वाफ बसते.

अख्खा बटाटा भाजताना आतले तापमान ९८ ते ९९ अंशांपर्यंत पोहोचल्याशिवाय तो मोकळा होत नाही. साल कुरकुरीत हवी असेल तर त्याला ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळू नये. गुंडाळला असेलच, तर तो तसाच बाहेर तासन्‌तास ठेवू नये. कागदाच्या आत हवा कमी आणि ओलावा जास्त असतो, आणि अशा स्थितीत बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूंची वाढ होऊ शकते.

तळलेला बटाटा

तळण्याचे प्रयोग सर्वांत बोलके असतात, कारण दर मिनिटाला काहीतरी बदलत असते. काड्या साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या कापाव्यात आणि पाण्यात १५ ते ३० मिनिटे भिजवाव्यात. यामुळे पृष्ठभागावरील मोकळा स्टार्च आणि काही साखर निघून जाते. मग कापडावर पसरून अगदी कोरड्या कराव्यात. पहिले तळण सुमारे १५० अंशांना, काडी मऊ पण फिकट राहील इतपत. मग बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्यावी. दुसरे तळण १८० ते १९० अंशांना, सोनेरी रंग येईपर्यंत. एकाच तळणात हे दोन्ही साधू पाहिले, तर जाड काडीचा गाभा शिजेस्तोवर बाहेरचा भाग करपू लागतो, किंवा आच कमी ठेवली तर कवच तयार होत नाही.

तेलात काडी सोडली की जे बुडबुडे उसळतात, ती बटाट्यातील पाण्याची वाफ असते. सुरुवातीला ते मोठे आणि दाट असतात, आवाज भरदार असतो. पाणी घटत जाते तसे ते बारीक आणि विरळ होतात व आवाज कोरडा, चुरचुरता होतो. वेफर्स तळताना हा बदल कान देऊन ऐकावा. बुडबुडे जवळजवळ थांबले की वेफरमधले पाणी संपत आलेले असते आणि पुढचे प्रत्येक सेकंद रंग गडद करते. एका घाण्यात थोडेच तुकडे सोडावेत, एका लिटर तेलाला साधारण १०० ग्रॅम, आणि दुसरा घाणा टाकण्यापूर्वी तापमान पुन्हा वर येऊ द्यावे.

पदार्थ तेलकट झाला याचा दोष बहुधा तापमानाला दिला जातो, पण बरेचसे तेल तळताना नव्हे, तर बाहेर काढल्यावर आत शिरते. तुकडा गार होऊ लागला की आतली वाफ द्रवते, पोकळ्यांमध्ये ओढ तयार होते आणि पृष्ठभागावरचे तेल आत शोषले जाते. म्हणून झारा तेलाच्या वरच काही क्षण झटकून लगेच जाळीवर काढावा. हे तपासायचे असेल तर एक घाणा तसाच ताटात ओतावा आणि दुसरा झटकून जाळीवर घ्यावा, दोन्ही कागदावर दाबून उमटलेले डाग पाहावेत.

रंगाला गुण देताना सोनेरीला सर्वाधिक गुण द्यावेत, गडद तपकिरीला कमी. यामागे केवळ रूपाचा प्रश्न नाही. १२० अंशांच्या वर तापमान गेले की बटाट्यातील ॲस्परजिन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्यापासून ॲक्रिलामाइड तयार होते, आणि ते आरोग्याला घातक ठरू शकते. खाद्यपदार्थांतील त्याचे अस्तित्व २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधनातून पुढे आले. रंग जितका गडद, तितके ते सहसा जास्त. हेच भाजलेल्या बटाट्यालाही लागू आहे. उकडलेल्या बटाट्यात मात्र तापमान शंभर अंशांच्या वर जात नसल्याने हा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही.

चव घेणे आणि गुण देणे

चव घेणारे तीन-चार जण असतील तर उत्तम, पण एकट्यानेही हे काम नीट करता येते. नमुन्यांना पहिला-दुसरा किंवा अ-ब अशी नावे देऊ नयेत, कारण पहिला म्हणताच तो वरचढ वाटू लागतो. वाट्यांच्या तळाशी ५२७, ३८४ असे कोणतेही तीन अंकी आकडे लिहावेत आणि कोणता आकडा कशाचा, हे फक्त वाढणाऱ्याला ठाऊक असावे. दोन्ही नमुने सारखेच गरम असावेत, कारण गार झालेल्या बटाट्यात मीठ आणि पोत दोन्ही वेगळे जाणवतात. भुकेल्या तोंडी आलेल्या पहिल्या घासाला नेहमीच झुकते माप मिळते, म्हणून निम्म्या लोकांना एक क्रम आणि उरलेल्यांना उलटा क्रम द्यावा. दोन नमुन्यांच्या मध्ये घोटभर पाणी प्यावे. चटणी, सॉस किंवा मसाला या फेरीत आणू नये. त्यांच्याखाली बटाट्याचे गुणदोष दोन्ही दडतात.

सर्वांनी आपापले मत आधी लिहावे आणि मगच बोलावे. एका ठाम माणसाचा ‘वा!’ ऐकला की बाकीच्यांचे गुण त्याच्या मागे जातात. आधी वर्णन लिहावे: रूप, वास, हाताला किंवा काट्याला जाणवणारा पोत, दातांखालचा पोत, चव, आणि गिळल्यानंतर मागे राहणारी चव. त्यानंतरच आवडीचा आकडा लिहावा. अमेरिकी लष्करी संशोधनातून विकसित झालेली ९ गुणांची आवडमोजणी आजही खाद्यसंशोधनात वापरली जाते. तीत १ म्हणजे अत्यंत नावडते, ५ म्हणजे ना आवडते ना नावडते आणि ९ म्हणजे अत्यंत आवडते. घरीही ती सोयीची पडते, मात्र तिचा वापर आवडीपुरताच ठेवावा. ‘किती कुरकुरीत’, ‘किती खारट’, ‘किती चिकट’ यांसाठी १ ते ५ अशी साधी पट्टी पुरेशी आहे.

कुरकुरीतपणाची परीक्षा एकदाच घेऊ नये. ताटात वाढल्यावर लगेच, दहा मिनिटांनी आणि वीस मिनिटांनी एकेक तुकडा मोडून पाहावा. अनेक कृती पहिल्या मिनिटाला सारख्याच दिसतात आणि दहाव्या मिनिटाला त्यांची जातकुळी कळते, कारण गाभ्यातला ओलावा सावकाश कवचाकडे सरकत असतो.

कधीकधी दोन नमुन्यांत फरक आहे की तो मनाचा खेळ आहे, हेच ठरत नाही. अशा वेळी तिघांतून वेगळा ओळखण्याची कसोटी घ्यावी. तीन वाट्यांपैकी दोहोंत एक नमुना आणि तिसरीत दुसरा ठेवावा, चव घेणाऱ्याने वेगळी वाटी ओळखावी, आणि दर वेळी वाट्यांचा क्रम व जोडी बदलावी. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता दर वेळी एक तृतीयांश असते. सहा वेळांत चार उत्तरे बरोबर आली तर त्यावर भिस्त ठेवू नये, कारण अंदाजानेही शंभरात सुमारे दहा वेळा चार किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर येतात. सहांपैकी पाच बरोबर आली, तर फरक खरा मानायला हरकत नाही. हे केवळ नशिबाने घडण्याची शक्यता शंभरात दोनाहूनही कमी असते. फरक ओळखता येत नसेल, तर दोहोंपैकी कमी कष्टाची पद्धत स्वीकारावी.

नोंद कशी ठेवावी आणि उरलेल्याचे काय करावे

नोंदीत बटाट्याची वाटी (बुडलेले, तरंगलेले किंवा अधांतरी), कच्चे वजन, तुकड्याचे माप, तापमान, वेळ, शिजल्यावरचे वजन आणि गुण एवढे असले की पुरे. शिजल्यावरचे वजन बहुतेकांच्या नोंदीत नसते, पण ते फार उपयोगाचे आहे. एक किलो कच्च्या बटाट्याचे वेफर्स साधारण पाव ते एक तृतीयांश किलोच भरतात, कारण जवळजवळ सगळे पाणी निघून त्या जागी काही तेल येते. आपला आकडा यापेक्षा बराच जास्त आला, तर वेफरमध्ये पाणी उरले आहे आणि तो डब्यात ठेवल्यावर मऊ पडेल, हे चव न घेताही समजते. निकाल बिघडल्यावर कारण शोधतानाही हीच नोंद आधी उघडावी आणि बटाट्याच्या रकान्यापासून सुरुवात करावी. तो रकाना निर्दोष निघाला, तरच तापमान आणि वेळ यांच्याकडे वळावे.

प्रयोगात पदार्थ उरतोच. शिजवलेला बटाटा दोन तासांच्या आत उथळ भांड्यात पसरून गार करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्यालाही एकदा गुण द्यावेत, पण ते वेगळ्या पानावर. फ्रिजमध्ये राहिलेल्या बटाट्यातील मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण होऊन पुन्हा गरम केल्यावर पुठ्ठ्यासारखा शिळा वास येऊ शकतो, आणि गार होताना स्टार्च घट्ट होऊन पोतही बदललेला असतो. ताज्या पदार्थाच्या गुणांत हे मिसळले, तर चांगल्या कृतीवर अन्याय होतो. तरंगणाऱ्या वाटीतले उरलेले उकडलेले तुकडे मात्र दुसऱ्या दिवशी अधिक घट्ट होतात आणि थोड्या तेलावर परतायला ताज्या तुकड्यांपेक्षा सोपे जातात, म्हणून पुढचा प्रयोग त्यांच्यापासूनच सुरू करता येतो.